डाव्या उशीची मात्रा

सोमवार, २० जानेवारी २०४२. सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी डॉ. ऋजुता वाळिंबे यांनी घटस्फोटाच्या संयुक्त अर्जाला दिलेली आपली संमती मागे घेतली.

सही अंगठ्याची होती, टॅबलेटवर केलेली. जागा: धरणाच्या पाण्यापलीकडच्या पठारावरचं ‘निभृत’ हे हॉटेल, चार नंबरची कुटी, पूर्वेकडचा सज्जा. साक्षीदार एकच, पती निनाद मोकाशी. सही करताना ऋजुता हसत होती. निनादने त्या क्षणाचा फोटो काढला. पुढे न्यायालयात तो पुरावा क्रमांक तीन म्हणून दाखल झाला.

ऋजुता एक्केचाळीस वर्षांची, कोल्हापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात भूलतज्ज्ञ. निनाद चव्वेचाळीसचा, जुने पूल तपासणारा अभियंता. लग्नाला तेरा वर्षं झालेली. या लग्नात मारहाण नव्हती, दारू नव्हती, दुसरी बाई नव्हती. तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका बालरुग्णालयाने ऋजुताची निवड केली, तेव्हा निनादने तिच्या फोनवरून, तिच्या नावाने, अतिशय नम्र भाषेत नकार कळवून टाकला. तिला ते चार महिन्यांनी समजलं.

“तू नाहीतरी गेली नसतीस,” तो म्हणाला होता. “मी फक्त तुझा मनस्ताप वाचवला.”

ती वेगळी राहू लागली. वर्षभराने दोघांनी मिळून अर्ज केला. मधला सहा महिन्यांचा काळ संपत आला तेव्हा निनादने एक गोष्ट सुचवली. तीन दिवस एकत्र जाऊ, कोर्टाचा विषय काढायचा नाही, भांडून नाही तर माणसांसारखे वेगळे होऊ. आपला शब्द खरा आहे हे दाखवायला त्याने स्वतःची संमती अंतिम म्हणून नोंदवली. नव्या नियमांप्रमाणे ती त्याला परत घेता येणार नव्हती. ऋजुताची संमती मात्र २७ जानेवारीपर्यंत खुली होती, पण एकदा मागे घेतली की तिलाही ती पुन्हा देता येणार नव्हती. तोवर तिने काही केलं नाही तर घटस्फोट आपोआप मंजूर होणार होता.

त्याच्या या मोठेपणाचं तिला तेव्हा बरं वाटलं होतं.

शुक्रवारी, १७ जानेवारीला, दुपारी साडेचारला ते पोचले. लाँचने चाळीस मिनिटं, मग बॅटरीच्या गाडीने घाट. पठारावर आठच कुट्या, एकीतून दुसरी दिसू नये अशा अंतरावर. फोनला रेंज नाही, इंटरनेट फक्त हॉटेलच्या टॅबलेटवर. भिंती जांभ्याच्या, फरशी तापवलेली, सज्जात पाय सोडून बसलं की खाली दरीभर धुकं. हॉटेलचा आतिथ्यप्रमुख ईशान दळवी स्वतः सामोरा आला. कुटीपर्यंत चालता चालता त्याने विचारून घेतलं.

“मॅडम, जेवण साडेआठला चालेल?”

“चालेल.”

“चहा गुळाचा असतो आमच्याकडे. चालेल?”

“चालेल.”

“थंडी फार आहे, म्हणून खिडक्या बंद ठेवतो. हवा आतूनच खेळवतो आम्ही. सोबत अनुबंध सुरू असतो, मन शांत राहतं, झोप छान लागते. चालेल ना?”

ऋजुताच्या बॅगेची चेन अडकली होती. ती त्या चेनशी झटापट करत होती. “चालेल हो,” ती म्हणाली.

दळवीच्या कोटाच्या वरच्या बटणात मायक्रोफोन होता.

संध्याकाळी पावणेआठला त्यांचं भांडण झालं. कोर्टाचा विषय काढायचा नाही असं ठरलं होतं, नागपूरचा नाही असं ठरलं नव्हतं. ऋजुताने तो काढला. निनाद खुर्चीत बसून ऐकत राहिला. ती पलंगाच्या आपल्या बाजूला, डाव्या, जाऊन आडवी झाली, जेवायलाही उठली नाही.

शनिवारी सकाळी ती जागी झाली तेव्हा निनाद सज्जाच्या पायरीवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होता. चार दाणे तिच्या तळहातावर, दोन त्याच्या तोंडात. ती त्याच्या बोटांकडे बघत बसली. ही बोटं आपण किती वर्षांत नीट पाहिली नाहीत, असं तिला वाटलं. नागपूर आठवत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या आयुष्यातली हकिकत असावी तसं. रविवारी ते कारवीच्या झुडपांतून कड्यापर्यंत चालत गेले. वडलांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल ती कधीच कुणाशी बोलली नव्हती, ते तिने निनादला सांगितलं. तो तिचा हात धरून ऐकत होता. सोमवारी नाश्त्याच्या ट्रेमध्ये टॅबलेट होता आणि त्यावर न्यायालयाचं पान उघडलेलं होतं. मी तिला सही कर म्हटलंच नाही, असं निनाद पुढे शपथेवर सांगणार होता, आणि ते खरं होतं.

‘निभृत’हून ती निनादबरोबर त्याच्याच घरी राहायला आली होती. शुक्रवारी, २४ तारखेला, तिथल्या स्वयंपाकघरात उभी असताना ते उतरायला लागलं. कमरेत दिलेली भूल उतरते तसंच. आधी पायाच्या बोटांना मुंग्या येतात, मग गुडघा आपला वाटू लागतो, आणि सगळ्यांत शेवटी, एकदम, दुखायला लागतं. समोरचा माणूस तोच होता. तिच्या नावाने नकार पाठवणारा. मग आपण कशावर सही केली?

“पुन्हा सुरू झालं का तुझं?” निनाद म्हणाला. “तुझं तुलाच कळत नाही, ऋजू. परवा डोळ्यांत पाणी आणून माझा हात धरला होतास.”

तिने तेव्हा स्वतःवरच शंका घेतली. आपणच चंचल आहोत, आपल्याच मनाचा भरवसा नाही. ती आपल्या भाड्याच्या खोलीवर परतली, पण पुढचे अकरा दिवस तिला त्याचंच म्हणणं पटत होतं. या अकरा दिवसांचा तिला आजही सर्वांत जास्त संताप येतो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी दहा चाळीस. ऑपरेशन टेबलावर अडुसष्ट वर्षांच्या आक्काताई चौगुले, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी.

“मावशी, कमरेत सुई देणार आहे. कमरेखालचं चार तास बधिर होईल. समजलं?”

“चालतंय की.”

“चालतंय नको. मी काय करणार ते मला सांगा आणि मग हो म्हणा.”

“आता गं बया! शाळा हाय व्हय ही?”

सिस्टर बारदेस्कर हसल्या. “मावशी, आमच्या मॅडमकडे चालेलवाला पास होत नाही. ह्यांचा नवरा कसा काय पास झाला कुणास ठाऊक.”

सगळे हसले. आक्काताईही हसल्या. ऋजुताचं पेन कागदावर थांबलं.

अठरा वर्षं तिचा हा नियम होता. ‘चालेल’ हे उत्तर ती संमतीपत्रावर लिहून घेत नसे. आपल्याकडे माणूस चालेल कधी म्हणतो, हे तिने हजारो माणसांच्या तोंडून ऐकलं होतं. हवं असतं तेव्हा म्हणतो. नको असतं पण वाद नको म्हणून म्हणतो. समोरचा शिकलेला आहे म्हणून म्हणतो. प्रश्न ऐकलेलाच नसतो तेव्हाही म्हणतो. नवी नर्स आली की ऋजुता पहिल्या दिवशी हेच शिकवायची: चालेल म्हणजे पेशंटने दार लोटून घेतलंय, आत काय आहे ते विचारा.

दळवी म्हणाला होता, अनुबंध सुरू असतो. चालेल ना?

तिने आक्काताईंकडून स्वच्छ ‘हो’ वदवून घेतला, सुई दिली, चार तास त्यांच्या उशाशी बसून राहिली. मग हात धुऊन तिने ‘निभृत’ला पत्र लिहिलं. माझ्या शरीराची जी काही नोंद तुम्ही केली आहे, ती सगळी मला द्या. कायद्याने ती देणं बंधनकारक होतं. हॉटेल चालवणाऱ्या कंपनीने शेवटच्या दिवशी, २० फेब्रुवारीला, दिली.

अनुबंध म्हणजे काय ते त्या कागदांवरून आणि नंतरच्या साक्षींवरून आता माहीत आहे. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक आपल्या मेंदूत तयार होतं. बाळाला पाजणाऱ्या आईच्या, मिठी मारणाऱ्या कुणाच्याही शरीरात ते वाढतं. प्रयोगशाळांनी ते नाकावाटे देऊन पाहिलं होतं, पण ते रक्तात काही मिनिटांत मोडून जायचं आणि मेंदूपर्यंत फार थोडं पोचायचं. कंपनीने रेणूची दोन टोकं बदलली आणि तो चरबीच्या अतिसूक्ष्म कुपीत बसवला. श्वासाबरोबर गेलेली कुपी वासाच्या मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूत शिरते आणि तिथे तो रेणू चार दिवस टिकतो. तो प्रेम निर्माण करत नाही. शेजारी जो माणूस असेल त्याच्याविषयीची सावधगिरी काढून घेतो. राग आठवतो, पण बोचत नाही.

हा सगळा प्रकार औषध म्हणून नोंदलेला नव्हता. ‘वातावरण-सेवा’ म्हणून होता, अत्तर आणि उदबत्तीच्या नियमांखाली. त्यामुळे डॉक्टर लागत नव्हता.

मात्रा ठरवत होतं यंत्र. गादीखालच्या पट्ट्या दोघांचे श्वास आणि हृदयाचे ठोके वेगवेगळे टिपत. दोघांची लय जुळली की उशांमधली नळी गप्प. लय तुटली की फवारा. मात्र फवारे मुख्यतः कोणत्या उशीतून सुटणार, हे आरक्षण करतानाच ठरत असे. अर्जात एक रकाना होता: ‘जुळवून घेण्यासाठी कोणत्या बाजूच्या पाहुण्याला अधिक साहाय्य हवे?’

उजवी उशी: तीन फवारे. डावी उशी: सेहेचाळीस.

पहिला फवारा शुक्रवारी संध्याकाळी सात बावन्नला सुटला होता. ती नागपूरबद्दल बोलून नुकतीच आडवी झाली होती. पुढच्या अर्ध्या तासात आणखी नऊ. ती जितकी चिडत गेली तितकं यंत्र देत गेलं. ऋजुताने ते पान तीनदा वाचलं. भूलतज्ज्ञाच्या नजरेनेच वाचलं. पेशंट तडफडतोय, मात्रा वाढवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पंचगंगेवरच्या एका जुन्या पुलाखाली गेली. निनाद केशरी हेल्मेट घालून खांबावर हातोडीने ठोकून आवाज ऐकत होता. वर मचाणावर त्याची दोन माणसं होती.

“बाजू कोणी निवडली?” तिने विचारलं.

“कसली बाजू?”

“डावी.”

त्याने हातोडी खाली घेतली. “तू डावीकडे झोपतेस. तेरा वर्षं झोपतेस. त्यात निवडायचं काय? अर्जात विचारलं होतं, मी भरलं.”

“मला विचारलंस?”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

हे वाक्य बोलून झाल्यावर, आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं असावं. पण त्याने ते मागे घेतलं नाही.

“आणि वाईट काय झालं, सांग ना,” तो म्हणाला. “विष दिलं का तुला? तू हसत होतीस. सहा वर्षांत तुला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.”

“मी नव्हते हसत. तुझी उशी हसत होती.”

“ऋजू, आवाज कमी कर. माणसं ऐकतायत.”

“ऐकू देत की. अहो वरचे, ऐका! रोज सहा जणांना भूल देते मी. सुई लावण्याआधी माणसाला त्याचं नाव विचारते. डोळे मिटलेले असले तर हलवून विचारते. ह्याने माझं नावसुद्धा नाही लिहिलं. लिहिलं काय, तर डावी बाजू!”

मचाणावरचा एक जण दुसरीकडे बघू लागला. निनाद हळू आवाजात म्हणाला, “मला तू हवी होतीस. बस्. तेवढंच होतं.”

“हवी होते ना? मग मला जागी ठेवून मागायचं होतंस.”

ती चढण चढून निघून गेली. तिने त्याच दिवशी वकील गाठली, ॲडव्होकेट शकिला मुजावर. मागणी एकच: २० जानेवारीची सही रद्द ठरवा. ती रद्द झाली तर २७ जानेवारीलाच घटस्फोट झाला असं धरलं जाईल. नाही झाली तर तो अर्ज मेला, आणि निनादची तयारी नसताना ऋजुताला एकटीने पहिल्यापासून लढावं लागेल. मुजावरबाईंच्या अंदाजाने सात ते नऊ वर्षं.

मंगळवारी, ८ एप्रिलला, कौटुंबिक न्यायालयात ते ध्वनिमुद्रण वाजवलं गेलं. आधी चाकांची घरघर, मग दळवीचा मधाळ आवाज, मग चेनची खरखर आणि “चालेल हो.” यंत्राने त्यापुढे नोंद केली होती: संमती, होकारार्थी, निश्चितता ९७ टक्के.

मुजावरबाई उलटतपासणीला उठल्या.

“दळवी, गाव कुठलं तुमचं?”

“पाटण.”

“घरी पाहुणा आला, तुम्ही चहा विचारला, तो चालेल म्हणाला. त्याला चहा हवाच असतो का?”

“असतो. म्हणजे… कधी कधी नसतोही.”

“मग ओतायच्या आधी तुम्ही काय करता?”

“तोंडाकडे बघतो त्याच्या.”

“तुमच्या यंत्राने कुठे बघितलं?”

दळवीने कंपनीच्या वकिलाकडे पाहिलं. “यंत्र बघत नाही मॅडम. ऐकतं फक्त.”

मागच्या बाकांवर हसू फुटलं. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं तेव्हा ते थांबलं.

निनादचे वकील गडबडले नाहीत. भांडण ‘चालेल’चं नाहीच, ते म्हणाले. चालेल शुक्रवारचं आहे. सही सोमवारची आहे, स्वतःच्या अंगठ्याची, हसऱ्या चेहऱ्याने केलेली. आणि रसायनाचा एवढा बाऊ कशाला? चांदणं हे काय आहे? गजरा, अत्तर, डोंगरावरची हवा, या सगळ्यांनी मेंदूत रसायनंच उसळतात. तेवढ्यासाठी उद्या प्रत्येक मधुचंद्र रद्द करायचा का?

ऋजुता जागेवरून उठली. “गजरा नको झाला तर मी काढून ठेवते. ही उशी नको आहे हे मला कळायला तरी हवं होतं ना? नको म्हणणारी जी होते, तिलाच तुम्ही आधी झोपवलंत.”

“डॉक्टर, खाली बसा,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “तुमचे वकील बोलतील.”

ती बसली. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

त्याच दिवशी कंपनीने न्यायालयाच्या सांगण्यावरून एक आकडा दिला. चौदा महिन्यांत घटस्फोटाच्या वाटेवरची आणखी एकोणीस जोडपी ‘निभृत’मध्ये राहून गेली होती. सोळांनी अर्ज मागे घेतले. या सोळा घरांना न्यायालयातर्फे पत्रं गेली: तुमची नोंद पाहायची आहे का? आजवर पाच उत्तरं आली आहेत. चौघांनी कळवलं की आमचं बरं चाललं आहे, आम्हाला काही पाहायचं नाही. पाचवं उत्तर साताऱ्याच्या एका गृहस्थांचं आहे. त्यांनी नोंद मागवली, आणि आठवड्याने न उघडता परत केली.

निनादच्या बाजूने सात लेखी प्रश्न दाखल झाले. ऋजुताने त्यांची उत्तरं प्रतिज्ञापत्रावर द्यायची होती, शुक्रवार, १८ एप्रिल, संध्याकाळी पाचपर्यंत. पहिले सहा साधे होते. तारखा, वेळा, औषधांच्या सवयी. सातवा एका ओळीचा होता: ‘१८ ते २० जानेवारी या काळात आपण सुखी होतात काय?’

शुक्रवारी दुपारी ती मुजावरबाईंच्या कार्यालयात बसली होती. पंखा जोरात होता, कागदावर पेपरवेट.

“सुखी होते लिहिलंस,” मुजावरबाई म्हणाल्या, “तर ते म्हणतील, सुखी बाईने सुखाने सही केली. नव्हते लिहिलंस तर फोटो दाखवतील आणि खोटी शपथ म्हणतील. प्रश्न घालणारा माणूस हुशार आहे, मेला.”

“मग काय लिहू?”

“ते मी नाही सांगणार बाई. खोटं तेवढं लिहू नकोस.”

“होते मी सुखी, शकिलाताई,” ऋजुता म्हणाली. “वडील गेल्यापासून एवढी हलकी मी कधीच नव्हते. त्याचाच तर राग येतो. ते तीन दिवस माझ्यातून काढूनही टाकता येत नाहीत, आणि माझे म्हणून ठेवताही येत नाहीत. ह्याला कुठला शब्द आहे तुमच्या कायद्यात?”

मुजावरबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. “नाही,” त्या म्हणाल्या. “अजून तरी नाही.”

ऋजुताने पेन उचललं. चार वाजून छत्तीस मिनिटांनी कागद कारकुनाच्या हाती गेला. पाचला आठ मिनिटं कमी असताना तो न्यायालयात दाखल झाला.

प्रतिज्ञापत्रात पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरं आहेत. सातव्यासमोर एक ओळ लिहून खोडलेली आहे, आणि खोडलेल्या जागी तिची सही आहे. निनादच्या वकिलांचं म्हणणं, खोडलेलं असलं तरी ते उत्तरच आहे, आणि भिंगातून ते वाचता येतं. मुजावरबाईंचं म्हणणं, जे खोडलं ते सांगितलंच नाही. ती ओळ न्यायालयाने वाचायची की नाही, यावर मंगळवारी, २२ एप्रिलला, सकाळी अकरा वाजता सुनावणी आहे.